जास्तीचं ड जीवनसत्त्व लघवीवाटे जात नाही

"जीवनसत्त्वच आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल" असं ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. ब आणि क च्या बाबतीत ते बरंचसं खरं, पण ड च्या बाबतीत अजिबात नाही. ड चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं. उन्हातून ड प्रमाणाबाहेर वाढत नाही हा मुद्दा मात्र बरोबर आहे. ऊन फार झालं की त्वचेतला जादा भाग निरुपयोगी रूपांत बदलतो. गोळीला तसा लगाम नाही.

चर्चेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे ड ची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल. ही साधारणपणे आठवड्यातून एकदाच घ्यायची, तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. आमच्या नात्यातल्या एका काकांनी ती रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत टाकली आणि रोज घेत राहिले! (मोठ्यांसाठी रोजची कमाल मर्यादा ४,००० युनिट धरतात, म्हणजे हे १५ पट झालं.) बद्धकोष्ठता, मळमळ, सारखी तहान, सारखी लघवी, सगळ्यांनी खापर उन्हाळ्यावर फोडलं. रक्तातलं कॅल्शियम तपासलं, ते जादा ड मुळे वाढलेलं निघालं, तेव्हा उलगडा झाला. पुड्या बंद करूनही साठा उतरायला काही महिने गेले, तोवर क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) लक्ष ठेवावं लागलं ते वेगळंच. घरात वयस्कर माणूस असेल तर ही पुडी रोजच्या डबीत ठेवूच नका, वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. आणि कॅल्शियमच्या गोळीतही बहुतेक वेळा ड असतंच, तेही हिशेबात धरा.