पिवळ्या कार्डावरून आठवलेला गयाना : आखणीचे अनुभव लिहा

कोपरीची_काकू
काल कपाटातली कागदपत्रे आवरताना आमची पीतज्वराच्या लशीची पिवळी कार्डे सापडली. त्यांवरची मुदत २०२४ सालीच संपलेली दिसल्यामुळे मी ती रद्दीत टाकणार होते, पण यजमानांनी हात धरला. २०१६पासून ही लस आयुष्यभरासाठी ग्राह्य मानतात आणि जुन्या कार्डांनाही तो नियम लागू आहे, हे त्यांच्या लक्षात होते.

२०१४च्या ऑक्टोबरात ती कार्डे घेऊन आम्ही दक्षिण अमेरिकेतल्या गयानातला कायेतूर धबधबा पाहायला गेलो होतो. तोवर आमच्या घरात गयाना म्हणजे क्लाइव्ह लॉइड आणि चंदरपॉल, एवढेच होते. पोटारो नदी तिथे एकाच उडीत २२६ मीटर खाली कोसळते. आपला जोग उंचीला थोडा सरसच आहे, पण पावसाळा सरला की तो दोऱ्यासारखा होतो. इथे मात्र कोरड्या दिवसांतही आख्खी नदी पडत असते.

तीन महिने मी व्हिसा, मुक्काम आणि खर्च यांनी एक वही भरली होती. परंतु राजधानी जॉर्जटाऊनहून धबधब्याकडे जाणारे छोटे विमान पुरेसे प्रवासी जमल्याशिवाय उडत नाही, ही एकच गोष्ट त्या वहीत नव्हती. शनिवारी चार माणसे कमी पडली, रविवारी ढग उतरले आणि सोमवारी रात्रीचे आमचे परतीचे तिकीट होते. सोमवारी सकाळी विमान उडाले, तेव्हा मी गणपतीला नारळ बोलून बसले होते. प्रत्यक्ष धबधब्यापाशी आम्हाला मिळाले दोन तास. कड्याला कठडा नाही, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, आणि वाटाड्याने अननसाच्या कुळातल्या एका माणसाहून उंच झाडाचे पान अलगद वाकवून दाखवले, तर बेचक्यात साठलेल्या पाण्याशी अंगठ्याच्या नखाएवढा सोनेरी बेडूक बसला होता. आपण अशी आखणी कशी केलीत आणि काय हुकले, ते अवश्य लिहावे.

वजनदार_माणूस
काकू, त्या विमानतळावर बॅगेबरोबर आपल्यालाही काट्यावर उभे करतात, हे आपण शिताफीने वगळले आहे. सौभाग्यवतींनी माझा आकडा मोठ्याने वाचला आणि वैमानिकाने मला पुढून मागच्या आसनावर हलवले. खिशातले डिंकाचे लाडू मी तत्काळ वाटून टाकले, तरी जागा काही बदलली नाही.

रानवाटा
काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण आपले जे हुकले ते संध्याकाळी असते. आम्ही तिथल्या साध्या अतिथिगृहात एक रात्र काढली. दुपारी विमाने परतल्यावर पठारावर आम्ही सहा जणच उरलो. सूर्य कलला तशा आभाळात पाकोळ्या जमू लागल्या, आधी शेकड्यांनी आणि मग मोजदाद सुटेल इतक्या, आणि अंधार पडायच्या बेतात त्या दगड फेकावा तशा खाली झेपावून पाण्याच्या पडद्यामागच्या कपारींत शिरल्या. आपल्या कानांजवळून जाताना त्यांच्या पंखांचा फाड्कन आवाज येतो. झोपायला जाळीदार झोळ्या होत्या आणि जेवण आपले आपण न्यायचे होते. मी मेतकूट नेले होते, भात तिथे शिजवला. आखणी करताना परतीच्या विमानातली जागा दुसऱ्या दिवसाची आहे, हे लेखी घेऊन ठेवावे.

दवाखान्यातून
कार्डाविषयी थोडे लिहिते, कारण रुग्ण हेच विचारतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ती ठराविक केंद्रांवरच मिळते. गयानासारख्या देशातून कार्डाशिवाय भारतात परतल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. पेशंट आला, बाकीचे नंतर.

जाऊबाई_जोरात
@दवाखान्यातून, सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि आमच्याआधी त्यांचीच बॅग भरून तयार आहे. त्यांना आता कोणत्या शब्दांत सांगू, तेही लिहा.

लाल_माती
आम्ही विमानाचा नाद सोडून जॉर्जटाऊन ते ब्राझीलच्या सीमेवरचे लेथेम हा रस्ता मिनीबसने केला. आम्ही गेलो तेव्हा लिंडेनच्या पुढे कच्चा रस्ता होता. रात्रभर हाडे खिळखिळी होतात, पहाटे कुरुपुकारीला एसेक्विबो नदी तराफ्यावरून ओलांडावी लागते आणि उजाडल्यावर आरशात पाहिले तर भुवयासुद्धा लाल झालेल्या असतात. मधल्या इवोक्रामा जंगलात झाडांच्या शेंड्यांमधून, जमिनीपासून सुमारे ३० मीटरवर, झुलते पूल बांधले आहेत. हे एवढे पाहण्यासाठीसुद्धा मी पुन्हा ती मिनीबस पकडीन.

त्यापुढचा रुपुनुनीचा गवताळ प्रदेश मात्र मे ते ऑगस्टमध्ये पाण्याखाली असतो, हे तारखा ठरवताना ध्यानात ठेवावे. तिथल्या एका तळ्यावर आम्हाला सूर्यास्ताला होडीतून नेले. परातीपेक्षा कितीतरी मोठ्या पानांमध्ये राक्षसी कमळाची कळी डोळ्यांदेखत उमलते. पहिल्या रात्री ते फूल पांढरे असते, भुंगे आत शिरतात, फूल मिटते आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन त्यांना सोडते. आमच्या धाकट्याने त्या भुंग्यांच्या वतीने होडीवाल्याला बरेच प्रश्न विचारले.

निव्वळ_शाकाहारी
एकच शंका आहे. पंधरा दिवस खायचे काय? मेतकूट किती दिवस पुरवायचे?

रानवाटा
जॉर्जटाऊनमध्ये आपली मुळीच उपासमार होणार नाही. १८३८पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीयांचे, विशेषतः भोजपुरी मुलखातल्या लोकांचे, वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत. डाळपुरी आणि वांग्याचे भरीत सहज मिळते, आणि वांग्याला ते ‘बैगन’च म्हणतात. बाजारात एका आजींनी मला ‘बोरा’ घ्या म्हटले तेव्हा मी बोरे शोधू लागलो, आणि त्यांनी हातभर लांब चवळीच्या शेंगांची जुडी पुढे केली. रुपुनुनीत मात्र आधी कळवून ठेवावे, तिथे मासे आणि कसावा यांवर भर असतो.

न्यूजर्सीकर
अमेरिकेमार्गे येणाऱ्यांसाठी : विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे नसले, तरी भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा व्हिसा लागतोच. माझ्या मावसभावाला हे मुंबईच्या काउंटरवर समजले. तो तिथूनच अलिबागला गेला.

कोपरीची_काकू
@वजनदार_माणूस, माझा आकडा यजमानांनाही ठाऊक नाही, तो इथे कशी लिहीन! @रानवाटा, पाकोळ्यांचे वाचून यजमानांनी नकाशा काढला आहे. यावेळी कोरडा हंगाम म्हणून ऑक्टोबरच ठरवतो आहोत, धबधब्यापाशी रात्रीचा मुक्काम आहे आणि परतीच्या तिकिटाआधी तीन दिवस मोकळे सोडले आहेत. पिवळी कार्डे पासपोर्टच्या पिशवीत ठेवली. गणपतीचा नारळ मात्र अजून राहिलेलाच आहे, तो आधी देते.