शेततळ्यातल्या मासोळीले घरचं सोयाबीन चालते का?

दारव्ह्याचा शेतकरी:
राम राम राजेहो. शेततळ्यात रोहू, कटला न मृगळ सोडून सात महिने झाले, मासोळी आता कुठं ३०० ग्रॅमची दिसून राहिली. दुकानातलं गोळी खाद्य परवडून नाई राहिलं, त्यात सुक्या मासोळीचा चुरा असते म्हणून महाग, असं दुकानदार म्हणते. घरी चार क्विंटल डागी सोयाबीन पडलं आहे, व्यापारी भाव देत नाई, ते दळून कोंड्यात कालवून टाकलं तर? आन ढोरायसाठी सरकीची ढेप आणलेली आहेच, तीबी चालन का?

भंडारावाला:
कच्चं नका टाकू भाऊ. कच्च्या सोयाबीनात ट्रिप्सिनला (प्रोटीन पचवणारा पाचकरस) अडवणारा घटक असते, मासोळी खाते पण प्रोटीन पचतच नाही. चांगलं भाजा नाहीतर शिजवा, उष्णतेनं तो जाते. तरी तेल राहतेच १८-२० टक्के, म्हणून तेल काढलेली सोयाबीनची पेंड, म्हणजे डीओसीच बरी, तिच्यात प्रोटीन ४५ टक्क्यांच्या आसपास. आमच्याकडे मामा तलावात (मामाचे नाही हो, माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांचे!) ढेप न कोंडा अर्धा-अर्धा, एवढंच टाकतात.

वाशीमकर:
सरकीच्या ढेपेचं माह्याकडून ऐका. फुकटात पडते म्हणून मी अर्धं खाद्य तेच केलं आन वाढ जाग्यावर थांबली. तिच्यात गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असते, गाय-म्हैस रवंथ करणारी, तिच्या पोटात त्याचा जोर मोडते, मासोळीले कुठं रवंथ? वरून ते लायसिनले, म्हणजे वाढीले लागणाऱ्या प्रोटीनच्या एका घटकाले, धरून बसते. मुठभर चालन, भिस्त नका ठेवू. आन डागी म्हणजे बुरशीवालं असन तर भाजूनबी टाकू नका, भाजल्यानं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, पुरतं जात नाई.

दारव्ह्याचा शेतकरी:
मंग मासोळीचा चुरा लागतच नाई का?

भंडारावाला:
रोहू-कटल्याला नसला तरी भागते. मरळ असती तर गोष्ट वेगळी, ती मांसखाऊ. फक्त सोयात मेथिओनिन (हाही प्रोटीनचा एक घटक) कमी, आन फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला, मासोळीला तो काढता येत नाही, म्हणून किलोमागं १०-२० ग्रॅम मिनरल मिक्चर टाका. कटला तर पाण्यातलं प्लवंगच (तरंगणारे बारीक जीव) जास्त खाते, पाणी हिरवट ठेवा. आन खाद्य फेकू नका, अर्धं तळाशी सडते. खताच्या पोत्याले धुऊन भोकं पाडा, बांबूले बांधून पाण्यात टांगा, मासोळी स्वतः येऊन चोखते. संध्याकाळी पोतं भरलेलंच असलं तर दुसऱ्या दिवशी कमी भरा.

दारव्ह्याचा शेतकरी:
हाव, पोते तर बम आहेत घरी. काळे दाणे निवडाले बसलो आता, बायको म्हणते पेरणीच्या वेळेस बियाणं असं कधी निवडलं नाई.