नाथसागरच्या पक्षी-नोंदीचं अ‍ॅप: युजर रिसर्च नेमका करायचा कसा?

पैठणवाला_एमसीए: शेवटचं वर्ष चालूय, जायकवाडी धरणाच्या जलाशयावरच्या, म्हणजे नाथसागरच्या पक्ष्यांच्या नोंदीसाठी अ‍ॅप बनवायलोय. गाईड म्हणायलेत आधी युजर रिसर्च (वापरणाऱ्यांना काय लागतं त्याचा अभ्यास) दाखव मग कोडिंग. गूगल फॉर्म फिरवला, कोणते फीचर पाहिजेत विचारलं, तर सगळ्यांनी सगळ्यावरच टिक केलं. ह्यातून आता काय काढू? वापरणारे म्हणजे पक्षीमित्र, वनरक्षक अन् काठावरचे मासेमारीवाले.

माळरान_बीड: फुकटात मिळायलं म्हणल्यावर नको कोण म्हणेल! फीचरचं विचारूच नको. मागच्या वेळी पक्षी दिसला तेव्हा काय केलं, कुठं लिहिलं ते विचार अन् वही दाखवा म्हण. समासात काय खरडलंय, कोणता रकाना कायम कोराय, त्यातच लई सापडतं. अन् वनरक्षकासोबत एक गस्त मार, मे महिन्याच्या उन्हात तुझी स्क्रीन दिसते का अन् रेंज नसताना नोंद राहते का बघ.

चक्रवाक: वरच्याला प्लस वन. ईबर्ड ही पक्षी-नोंदींची वेबसाइट 2002 ला सुरू झाली तेव्हा भर विज्ञानाला डेटा द्या ह्यावर होता, नोंदी म्हणाव्या तेवढ्या येईनात, मग पक्षीनिरीक्षकांना स्वतःच्या याद्या सांभाळायची सोय दिली तशा नोंदी वाढत गेल्या. तुझ्या मासेमारीवाल्याला ह्यातून काय मिळणार ते आधी ठरव, नाहीतर तो कशाला मोबाइल काढील.

आणखी एक, मेनू मनानं पाडू नको. पक्ष्यांच्या फोटोंची कार्डं करून दे, गट तुम्हीच पाडा म्हण. पुस्तकात कुळं असतात, काठावरचा माणूस बहुतेक चिखलातले, खोल पाण्यातले, हिवाळ्यात येणारे असे लावील (माझा अंदाज). मग कागदावरच स्क्रीन काढून ‘रोहित (फ्लेमिंगो) दिसले, नोंद करा’ एवढंच सांगायचं अन् गप बसायचं. गप बसणंच अवघडय. प्रत्येक गटातले चार-पाच जण झाले तरी मोठ्या अडचणी कळतात.

गोदाकाठ: लोकेशनचं पण विचारा. घरट्याची जागा सगळ्यांना दिसली की शिकारीवालेही पोचतात अन् कॅमेरेवालेही. आयनॅचरलिस्ट हे निसर्ग-नोंदींचं अ‍ॅप धोक्यातल्या जातींची नेमकी जागा लपवतं, तसं काही ठेवा.

पैठणवाला_एमसीए: भारी, फॉर्म बंदच करतो. पण मासेमारीवाल्यांना गाठू कधी? पहाटे गेलो तर ते जाळ्यावर.

माळरान_बीड: माल तोलून झाल्यावर जा, चहाच्या टायमाला. अन् लॅपटॉप घेऊन जाऊ नको, सर्व्हेवाला आला म्हणून उठून जातील.