सरावाची काडतुसे पुन्हा भरू द्यावीत का?

घोडबंदरकर: ठाण्याहून वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊन .३२ रिव्हॉल्व्हरचा सराव करणाऱ्याचा हात काडतुसांच्या खर्चामुळे आखडता राहतो. कागदी लक्ष्यासाठी पूर्ण जोराचे काडतूस लागतच नाही. थोडी बंदुकीची दारू आणि मऊ शिशाची सपाट तोंडाची गोळी पुरते. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरता येते, आणि अमेरिकेत हौशी नेमबाज हे काम घरीच करतात. आपल्याकडे निदान क्लबमध्ये, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, परवाना घेऊन हे का करता येऊ नये?

वाशीकर: दारू कमी म्हणजे धोका कमी, हे मला मान्य नाही. उदाहरणार्थ, रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशल या काडतुसाची पुंगळी १९ व्या शतकाच्या अखेरीस जास्त जागा घेणाऱ्या जुन्या काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेली आहे. आजच्या धूरविरहित दारूची हलकी मात्रा तिच्या तळाशी राहते, त्यामुळे नजरचुकीने दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती आत निमूट मावते आणि वर गोळी बसली की बाहेरून काहीच कळत नाही. असे काडतूस रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसवायची फिरती चकरी, फोडू शकते. उलट दारू पडायचीच राहिली, तर नुसत्या प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) जोराने सरकलेली गोळी नळीत अडकते, आवाज फुसका येतो आणि तरीही पुढचा चाप ओढणाऱ्याची नळी फुगते किंवा फाटते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळ्याच्या व्याख्येत सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. परवान्याशिवाय निर्मिती हा गुन्हा आहे.

घोडबंदरकर: कायदा मोडा, असे मी म्हटलेलेच नाही. आपण सांगितलेल्या दोन्ही चुका मात्र गोळी बसवण्यापूर्वी डोळ्यांना दिसतात. भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करून प्रत्येकीत विजेरीचा प्रकाश टाकला, तर दारूची कमीजास्त पातळी लगेच खटकते. दुप्पट पडल्यास काठोकाठ भरून सांडेल अशी फुगीर दारू निवडली, तर चूक लपतच नाही. या कामात गप्पा आणि मोबाईल नकोत, एवढे पथ्य पाळता येईल.

ऐरोलीची नेमबाज: घरी भरणारा स्वतःच्या हातचे काडतूस स्वतःच उडवतो, म्हणून तो ठोकळ्यात वाकून पाहतो. क्लबमध्ये भरणारा एक आणि चाप ओढणारा दुसरा. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून वायू आणि शिशाचे कण एरवीही बाजूला उडतात. सिलिंडर फुटला, तर शेजारच्या लेनमध्ये उभी असलेली मी त्याच रेषेत असते. तेव्हा घोडबंदरकर, कोणी कोणत्या दिवशी कोणती पेटी भरली याची सहीनिशी नोंद ठेवायला आपला क्लब तयार आहे का?