रायडिंग मोअरचा स्टार्टर अर्धा फेरा मारून अडतो: इंजिनाचे भाग ओळखण्यासाठी व दोष शोधण्यासाठी मदत हवी

ओहायोकर (प्रश्न)

नमस्कार. ओहायोत कोलंबसच्या उत्तरेला आमचे घर आहे. भोवतालचे सुमारे एक एकर गवत कापण्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी एक वापरलेला रायडिंग मोअर (वर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र) घेतला. डेक (खालचा पात्यांचा भाग) ४२ इंची असून इंजिन एका सिलिंडरचे, उभ्या शाफ्टचे, १९ हॉर्सपॉवरचे आहे. नोव्हेंबरात शेवटचे गवत कापून तो शेडमध्ये ठेवला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर काढला, तेव्हापासून तो नीट सुरू होत नाही.

चावी फिरवली की बॅटरीजवळ 'टक्' असा आवाज येतो, इंजिनावरची गोल जाळी जेमतेम अर्धा फेरा फिरते आणि भिंतीला टेकल्यासारखी थांबते. पुन्हा चावी फिरवली तरी तेच होते. दहापैकी एखाद्या वेळी मात्र तो अडथळा पार होतो, आणि मग इंजिन तत्काळ सुरू होऊन तासभर सुरळीत चालते.

बॅटरी चार वर्षांची होती म्हणून नवी बसवली, काही फरक पडला नाही. मग स्टार्टर खराब असावा असे समजून '१९ हॉर्सपॉवर' एवढ्याच आधारावर एक मागवला. त्याच्या पिनियनचे (टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात जुळले नाहीत, म्हणून तो परत केला. शेजाऱ्यांच्या मते इंजिन 'जॅम' झाले आहे. सोबतच्या छायाचित्रांत पाच भागांवर मी खडूने क्रमांक घातले आहेत. पहिला भाग म्हणजे बॅटरीजवळचा, दोन जाड वायरी असलेला डबा; दुसरा जाळीच्या बाजूला उभा असलेला नळकांड्यासारखा भाग; तिसरा कार्ब्युरेटरच्या वाटीखाली असलेला, एकच वायर जोडलेला भाग; चौथा फ्लायव्हीलला (जाळीखालच्या जड चाकाला) खेटून बसवलेला काळा ठोकळा, ज्यातून प्लगची जाड वायर निघते; आणि पाचवा पुढच्या बाजूचे चार बोल्टांचे पत्र्याचे झाकण. हे भाग कोणते, आणि आता नेमके काय तपासावे, हे कृपया सांगावे.

वायरमन, न्यू जर्सी

पहिला भाग स्टार्टरचा सोलेनॉइड आहे. चावीकडून येणारा थोडासा करंट त्याला मिळाला की तो बॅटरीचा मोठा करंट दुसऱ्या क्रमांकाच्या भागाला, म्हणजे स्टार्टर मोटरला देतो. तिसरा भाग हाही सोलेनॉइडच आहे, पण तो इंधनाचा. चावी 'ऑन' केल्यावर त्याची सुई आत ओढली जाऊन जेट (इंधनाचे बारीक छिद्र) मोकळा होतो आणि बंद केल्यावर इंधन तोडले जाते, त्यामुळे सायलेन्सरमध्ये होणारा फटाका टळतो. चौथा भाग इग्निशन कॉइल होय. फ्लायव्हीलवरचे चुंबक तिच्यासमोरून गेले की ठिणगी पडते, म्हणजे त्या ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. पाचव्याखाली व्हॉल्व्ह आणि त्यांना उघडणारे रॉकर (डोलणारे छोटे दांडे) असतात.

सुटे भाग मागवताना हॉर्सपॉवरचा आकडा निरुपयोगी आहे, कारण तोच आकडा अनेक वेगवेगळ्या इंजिनांवर छापलेला असतो. मोअरचा स्वतःचा क्रमांक बहुधा सीटखाली असतो. बेल्ट, सीटचा स्विच आणि पहिला सोलेनॉइड त्या क्रमांकावरून मिळतात. स्टार्टर, कॉइल आणि कार्ब्युरेटर यांसाठी मात्र इंजिनाचा क्रमांक लागतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनांवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन गट पत्र्यावर ठोकलेले असतात. मॉडेलचे पहिले दोन आकडे क्यूबिक इंचांतील क्षमता सांगतात, म्हणजे सुरुवातीला ३१ असेल तर इंजिन साधारण ५०० सीसीचे समजावे. कोडचे पहिले सहा आकडे वर्ष, महिना आणि दिवस या क्रमाने इंजिन बनल्याची तारीख देतात. कोहलरच्या इंजिनांवर स्टिकर असते व त्यावरील स्पेक क्रमांक महत्त्वाचा असतो. अक्षरे पुसट दिसत असतील तर तेलकट मळ पुसून वर खडू घासावा आणि टॉर्च तिरपा धरून फोटो काढावा.

आता विजेविषयी. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसायला हवेत आणि स्टार्टर फिरत असताना ते ९.६ च्या खाली उतरू नयेत. त्याच वेळी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावी; तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास अर्थिंगचा बोल्ट सोडून त्याखालचा गंज व रंग खरवडून काढावा. हिवाळाभर शेडमध्ये राहिलेल्या यंत्रांत हा दोष वारंवार आढळतो. सीट, ब्रेक पेडल किंवा पात्याचा स्विच बिघडला असता तर स्टार्टर मुळीच हलला नसता किंवा इंजिन चालले नसते, म्हणून त्यांच्यामागे लागू नये. काही जण सोलेनॉइडच्या दोन टोकांवर पेचकस आडवा टेकवून स्टार्टर फिरवतात. तसे केल्याने सुरक्षेचे सगळे स्विच डावलले जातात आणि गिअरमध्ये असलेला मोअर अंगावर येऊ शकतो.

टेक्सासचा शेतकरी

पाच महिने टाकीत राहिलेल्या गॅसचा (म्हणजे पेट्रोलचा) विचार कोणीच केलेला दिसत नाही. इथल्या पंपावरच्या गॅसमध्ये साधारणपणे १० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. महिनाभरानंतर असे इंधन शिळे होऊ लागते आणि वाटीच्या तळाशी मेणचट थर बसून जेट तुंबतो. कार्ब्युरेटर उघडून साफ करावा, असे माझे मत आहे. पुढे १५ टक्के इथेनॉलचा गॅस चुकूनही भरू नये, लहान इंजिनांना तो चालत नाही.

जुना फिटर, मिशिगन

शिळ्या गॅसविषयी वर लिहिलेले खरे असले तरी ते या दुखण्याला लागू पडत नाही. जेट तुंबलेले इंजिन स्टार्टरवर मुकाट गरगर फिरत राहते, फक्त पेटत नाही. येथे उलट आहे: फिरतानाच अडते, आणि एकदा अडथळा ओलांडला की लगेच पेटते. म्हणजे गॅस, ठिणगी आणि हवा तिन्ही ठीक असल्याचे प्रश्नकर्त्यांनी स्वतःच सिद्ध केले आहे. तासभर चालणारे इंजिन जॅम झालेले नसते, हेही शेजाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

ज्यांनी जुनी ओतीव लोखंडाच्या इंजिनाची बुलेट किक मारून सुरू केली आहे, त्यांना हँडलवरचा डीकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर आठवत असेल. तो दाबून पिस्टन कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधली हवा दाबली जाण्याच्या) पलीकडे न्यायचा आणि मगच किक मारायची, नाही तर पोटरीवर तडाखा ठरलेला. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारतानाही अशीच सोय वापरली जाई. मोअरच्या इंजिनात हेच काम आपोआप होते. कॅमशाफ्टवरच्या (व्हॉल्व्ह उघडवणाऱ्या दांड्यावरच्या) एका लहानशा उंचवट्यामुळे इंजिन सावकाश फिरत असताना दोनपैकी एक व्हॉल्व्ह कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात किंचित उघडा राहतो, थोडी हवा निसटते आणि छोट्या स्टार्टरलाही पिस्टन वर ढकलता येतो. वेग वाढला की या सोयीचा परिणाम उरत नाही. मात्र तो उंचवटा व्हॉल्व्हला इंचाच्या काही हजारांश भागांएवढेच उचलतो. टॅपेटचे अंतर (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली फट) झिजून तेवढेच वाढले, की उचल त्या पोकळीतच खर्ची पडते, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही आणि स्टार्टरला संपूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावे लागते. लोक अशा वेळी बॅटरी बदलतात, मग सोलेनॉइड, मग स्टार्टर. दुकानदारालाही ते सोयीचे असते. टॅपेट मोजायला मात्र केवळ एक फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचे मापक) लागते.

आधी एक चाचणी करावी. डिपस्टिक काढून वास घ्यावा. ऑइलला गॅसचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर कार्ब्युरेटरमधली, गॅसची आवक रोखणारी फ्लोटची सुई गळून गॅस सिलिंडरमध्ये उतरला आहे. द्रव दाबला जात नसल्याने तेव्हाही इंजिन असेच अडते. मग सुई आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. वास नसेल तर प्लग काढावा, त्याची वायर दूर नेऊन इंजिनाच्या धातूला जोडून ठेवावी आणि चावी फिरवावी. इंजिन भिंगरीसारखे फिरले तर बॅटरी, सोलेनॉइड व स्टार्टर निर्दोष आहेत असे समजावे.

त्यानंतर इंजिन थंड असताना बॅटरीची ऋण वायर सोडून पाचव्या क्रमांकाचे झाकण उघडावे. प्लगच्या भोकात लाकडी काडी उभी धरून वरची जाळी हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवावी. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना काडी वर येऊ लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. काडी सर्वांत वर आल्यावर आणखी थोडे फिरवून ती पाव इंच खाली उतरू द्यावी, कारण अगदी माथ्यावर मोजले तर तो उंचवटा व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो आणि माप फसते. या वर्गातील पुष्कळ इंजिनांना इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हसाठी ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हसाठी ०.००५ ते ०.००७ इंच अंतर लागते, तरी आपल्या क्रमांकाच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. पट्टी ओढताना लोण्यातून सुरी निघावी तशी सैल निघू नये आणि अडकूनही बसू नये. पुशरॉड (रॉकरना ढकलणारे दांडे) बाहेर काढलेच तर ते आपापल्या जागीच परत बसवावेत आणि काचेवर घरंगळवून वाकलेले नाहीत ना, हे पाहावे.

ओहायोकर

सर्वांचे आभार. ऑइलला गॅसचा वास नव्हता. अर्थिंगच्या बोल्टाखाली थोडा गंज होता, तो खरवडला. तेथे आता ०.१ व्होल्टच दिसतो, पण अडणे थांबले नव्हते. प्लग काढून चावी फिरवली आणि इंजिन असे सुटले की मीच दचकलो.

शनिवारी सकाळी झाकण उघडले. काडी म्हणून मुलीच्या चित्रकलेच्या ब्रशचा दांडा वापरला आणि त्यावर पाव इंचाची खूण पेनने केली. इनटेकचे अंतर ०.०११ इंच आणि एक्झॉस्टचे ०.०१५ इंच निघाले. एक्झॉस्टचा रॉकर बोटांनी हलवला तर चक्क खडखडत होता. पुस्तिकेत जुना फिटर यांनी दिलेलेच आकडे आहेत, त्याप्रमाणे ०.००४ आणि ०.००६ वर दोन्ही बसवले. लॉकस्क्रू आवळताना नट थोडा फिरतो आणि माप बदलते, हे पहिल्या दोन प्रयत्नांनंतर लक्षात आले. तिसऱ्या वेळी नट पान्याने धरून ठेवला. संपूर्ण कामाला दीड तास लागला, त्यातला निम्मा वेळ झाकणावरचे जुने सीलंट खरवडण्यात गेला.

पहिल्याच चावीला इंजिन सुरू झाले. सलग दहा वेळा बंद-चालू करून पाहिले, एकदाही अडले नाही. आता दोन शंका आहेत: हे अंतर पुन्हा किती दिवसांनी पाहावे? आणि माझी जुनी बॅटरी खरोखर खराब होती का?

जुना फिटर, मिशिगन

या हंगामात दहा-बारा तास गवत कापून झाल्यावर एकदा मोजावे आणि नंतर दर वर्षी हिवाळ्यापूर्वी पाहावे. एवढ्या लवकर अंतर पुन्हा वाढलेले आढळले तर ते नुसते आवळून सोडू नये. रॉकरचा स्टड सैल होत असेल, पुशरॉड वाकत असेल किंवा कॅमवरचा तो उंचवटाच झिजला असेल, आणि शेवटच्या प्रकरणात इंजिन उघडावेच लागते. झाकणाच्या कडेने ऑइल पाझरते का, यावर पहिले काही दिवस लक्ष ठेवावे. जुनी बॅटरी रात्रभर चार्ज करून सकाळी मोअरला लावावी आणि स्टार्टर फिरताना व्होल्ट पाहावेत.

ओहायोकर

ती मी कोअर डिपॉझिटच्या (जुनी बॅटरी परत दिल्यावर मिळणाऱ्या अनामतीच्या) पैशांसाठी दुकानात कधीच जमा केली आहे.