मदत हवी आहे: पैंजणांवरचा काळा पट्टा कसा घालवू?

नमस्कार मंडळी. लग्नात आईने घेतलेले हुपरीचे पैंजण दोन पावसाळे कपाटात रबरबँड लावून ठेवले होते. काल काढले तर रबर टेकलं होतं तिथे काळाकुट्ट पट्टा! रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, हे आत्ता कळलं. जीव हळहळला.

९२५चा शिक्का आहे, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. अ‍ॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा वापरून काळेपणा जातो, पण फुलांच्या खाचांत मुद्दाम दिलेलं ऑक्सिडाइज्ड, म्हणजे काळपट केलेलं काम आहे. तेही उजळून निघेल ना? शिवाय घुंगरांत पाणी अडकेल. टूथपेस्टने ओरखडे येतात, ती नकोच. पॉलिशला द्यायला मन धजत नाही, मागे जोडवी झिजून परत आली होती.

फक्त पट्ट्यापुरता उपाय कोल्हापुरात कुणी घरी केलाय का?