सुमेरियन शब्द पाठ करतोय, एका चिन्हावर अडलोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून हौस म्हणून सुमेरियन (प्राचीन मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली, कीलाकार चिन्हांत लिहिलेली भाषा) शिकतोय. सुरुवात मजेत झाली. 'लू' म्हणजे माणूस, 'गल' म्हणजे मोठा, म्हणून 'लुगल' म्हणजे राजा. 'ए' म्हणजे घर, म्हणून 'एगल' म्हणजे राजवाडा. आपल्या उलट, विशेषण नामानंतर येतं, पण त्याची सवय होते. 'दुब' म्हणजे मातीची पाटी आणि 'दुबसर' म्हणजे ती लिहिणारा लेखनिक. 'कुर' म्हणजे देश किंवा डोंगर, 'कुर-कुर' म्हटलं की अनेक देश. हे तर आपल्या 'घरोघर'सारखंच वाटलं!

घोडं अडलंय ते तोंडाच्या चिन्हापाशी. ते 'का' वाचलं तर तोंड, 'इनिम' वाचलं तर शब्द, 'दुग' वाचलं तर बोलणं, आणि 'झू' वाचलं तर दात. त्याच चिन्हात पाण्याची खूण घातली की 'नग', म्हणजे पिणं. हे निदान डोळ्यांना पटतं. पण नुसतं चिन्ह समोर आलं की वाचायचं काय? पुढे जोडलेल्या प्रत्ययावरून ओळखायचं की वाक्याच्या अर्थावरून? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा ऑनलाइन कोश बघतो, पण तिथे पर्याय बघून आणखी गोंधळतो.

कोणी शिकलं असेल तर सांगा: शब्द आधी पाठ करावेत की चिन्हं? तुम्ही वही कशी ठेवलीत?

(सुमेरियनमध्येही 'अमा' म्हणजे आई, तमिळ 'अम्मा'सारखंच, हे मलाही माहीत आहे. कृपया तमिळ-सुमेरियन नात्याचा वाद इथे नको.)